मुलांची पहिली डिअर रायफल: दणका, दस्ता आणि काडतूस

नोव्हेंबर जवळ आला की विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियातल्या शाळांमध्ये पोरांच्या तोंडी डिअर सीझनशिवाय, म्हणजे हरणांच्या शिकारीच्या हंगामाशिवाय, दुसरा विषय नसतो. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा गन सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. वर्गातली निम्मी मुलं आजोबांच्या शेतावर जाणार असतात आणि मग आपल्या घरातही प्रश्न येतो, ‘आई, मी पण जाऊ?’ अनेक मराठी घरांत याचं उत्तर सरळ ‘नाही’ असतं, आणि त्यात काही वावगं नाही. हा लेख ‘बरं, बघू’ म्हणालेल्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी बंदूक हातात धरलेली नाही आणि ज्यांना दुकानातल्या भिंतीवरच्या चाळीस रायफली एकसारख्याच दिसतात, त्यांनी सावकाश वाचावा.

एक खुलासा आधीच करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इथे जे लिहिलंय ते फक्त अमेरिकेतल्या परवान्याच्या, ठरावीक हंगामातल्या शिकारीबद्दल.

दुकानात जाण्याआधी व्हिसा बघा

बंदुकीबद्दलच्या इंग्रजी लेखांत ही गोष्ट सहसा नसते, कारण ते लिहिणाऱ्यांना तिची गरज पडत नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ वगैरे, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. या मनाईला अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स. तेव्हा क्रम उलटा करू नका. आधी लायसन्स, मग रायफल. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. घरातलं मूल इथे जन्मलेलं नागरिक आणि आई-बाबा एच-१बीवर, असं असेल तर मुलाचं नागरिकत्व आई-बाबांच्या कामी येत नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

हेच उन्हाळ्यात भेटायला आलेल्या आजी-आजोबांनाही लागू आहे. बी-२ व्हिसावरच्या आजोबांच्या हातात फोटोपुरती रायफल देण्याची हौस आवरा.

परवानाधारक दुकानदार १८ वर्षांखालच्या मुलाला रायफल विकू शकत नाही, आणि फ्लोरिडासारख्या काही राज्यांत ही मर्यादा २१ आहे. म्हणजे खरेदी पालकाच्याच नावावर होते. हंटर एज्युकेशनचा कोर्सही फक्त मुलांचा असतो असं समजू नका. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. चाळिशीतल्या बाबांनी लेकीशेजारी बसून तो करावा, दोघांचं शिक्षण एकदम होतं. विस्कॉन्सिनमध्ये कोर्स न करता अनुभवी मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करण्याची ‘मेंटर्ड’ सोय आहे आणि २०१७ पासून तिला किमान वयाची अटही नाही. तरी माझं मत विचाराल तर कोर्स कराच.

दणका म्हणजे नेमकं काय

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते आणि दस्ता खांद्यावर आदळतो. हा दणका फूट-पाउंड या ऊर्जेच्या एककात मोजतात. तो तीन गोष्टींवर ठरतो: गोळीचं वजन, तिचा वेग (आणि तो वेग द्यायला जळणारी दारू), आणि रायफलचं स्वतःचं वजन. पहिल्या दोन गोष्टींकडे सगळे बघतात. तिसरी विसरली जाते, आणि लहान मुलांच्या बाबतीत घोळ होतो तो तिथेच.

साडेसात पाउंडांची रायफल धरून हिशोब केला तर वेगवेगळ्या काडतुसांचे आकडे साधारण असे येतात. .२२३ रेमिंग्टनला ३ ते ४ फूट-पाउंड. .३५० लेजंडला ८ च्या आसपास, .२४३ विंचेस्टरला १०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप) गोळीसह ९. जुन्या .३०-३० ला १०. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांना १२ ते १४. .३०८ ला १५-१६, .३०-०६ ला जड गोळीसह २० च्या वर, आणि .३०० विन मॅगला २८ च्या घरात. पहिल्यांदा शिकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला १० च्या खाली ठेवा. चांगली उंची आणि बांधा असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला १३ पर्यंत चालतं. हा माझा अंदाज आहे, कुठला नियम नव्हे. मुलामुलांत फरक असतो आणि तो वजनापेक्षा स्वभावावर जास्त अवलंबून असतो.

आता वजनाचं बघू. ‘यूथ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ रायफली आखूड नळीच्या आणि हलक्या असतात, पुष्कळशा सहा पाउंडांच्या आसपास. ‘मुलाला पेलायला हलकी’ असं म्हणून दुकानदार ती पुढे करतो. पण तेच .२४३ चं काडतूस साडेसात पाउंडांच्या रायफलमध्ये ९ फूट-पाउंडांचा दणका देत असेल, तर सहा पाउंडांच्या रायफलमध्ये तो ११ च्या वर जातो. म्हणजे मोठ्या माणसाला जेवढा धक्का बसतो त्याहून जास्त आपण लेकराला देतो. तेव्हा हलकी रायफल घ्यायची झालीच तर काडतूस आणखी सौम्य निवडा, किंवा रायफल थोडी जड घ्या आणि तिला आधार द्या. डिअर हंटिंगमध्ये मुलं बहुतेक वेळ मचाणात किंवा ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, बसलेली असतात आणि रायफल तिकाटण्यावर टेकवलेली असते. डोंगर चढत मैलोन्‌मैल वाहून न्यायची नसेल तर एक पाउंड जास्त असणं फायद्याचंच.

दणक्याची भीती एकदा मनात बसली की मूल चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं, आणि नळी खाली जाते. जखमी होऊन पळालेल्या कित्येक हरणांमागे हेच कारण असतं. ही सवय लागायला दोन-चार जोरदार दणके पुरतात, आणि सुटायला वर्षं जातात. ‘बघू तरी सहन होतं का’ म्हणून मुलाच्या हातात जबर दणक्याची मॅग्नम रायफल देणारे आणि मग हसणारे काका नेमबाजीच्या रेंजवर दिसले की मला त्यांचा राग येतो.

रायफल अंगाला बसते का

कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर, तासन्‌तास वाद घालणारी माणसं दस्त्याच्या मापाकडे बघतही नाहीत. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या अंतराला ‘लेंग्थ ऑफ पुल’ म्हणतात. मोठ्यांच्या रायफलमध्ये ते साधारण साडेतेरा इंच असतं, मुलांच्या रायफलमध्ये बारा ते साडेबारा. दस्ता लांब असला की मूल कंबरेतून मागे झुकतं, रायफल खांद्याऐवजी दंडावर टेकते, आणि साधं .२४३ सुद्धा काळंनिळं करून जातं. मापाच्या दस्त्याची रायफल असेल तर तोच दणका निम्मा वाटतो.

दुकानात एक सोपी तपासणी करता येते. रायफल रिकामी आहे याची आधी स्वतः खात्री करा. मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात टेकवायचं आणि तर्जनी चापापर्यंत आरामात पोचते का ते बघायचं. मग रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे आणि उघडायचे. उघडल्याबरोबर मान न हलवता स्कोपमध्ये (रायफलवरच्या दुर्बिणीत) पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. हे सगळं नोव्हेंबरचं जाडजूड जॅकेट घालून करा. सप्टेंबरमध्ये टी-शर्टवर मापात बसलेली रायफल थंडीत एक इंच लांब होते.

मॉसबर्ग पेट्रियटच्या यूथ मॉडेलमध्ये दस्त्याला काढता-घालता येणाऱ्या पट्ट्या असतात, मूल वाढलं की दस्ता वाढवता येतो. रूगर अमेरिकन कॉम्पॅक्ट आणि सॅव्हेज ॲक्सिसचं यूथ मॉडेल हेही याच किमतीतले ओळखीचे पर्याय. तिन्ही बोल्ट-ॲक्शन आहेत, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरावं लागतं. नवशिक्यासाठी बोल्ट मला आवडतो, कारण एक गोळी झाडल्यावर दुसरी आपोआप नळीत येत नाही आणि बोल्ट मागे ओढून ठेवला की दुरूनही कळतं रायफल उघडी आहे. एकाच काडतुसाच्या सिंगल-शॉट रायफली त्याहून साध्या, पण त्यातल्या बऱ्याच अगदी हलक्या असतात. वजनाचं गणित तिथेही लावा.

दस्त्याच्या टोकाला जाड मऊ रबराचं रिकॉइल पॅड नसेल तर बसवून घ्या. रुपया-पैशाच्या हिशोबात याहून स्वस्त उपाय नाही. नळीच्या तोंडावरच्या मझल ब्रेकने दणका खरंच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. मुलं दणक्याइतकीच आवाजाला दचकतात. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या) रायफलचा आवाज त्याच्याही वर असतो. म्हणून मी मुलांच्या रायफलवर ब्रेक लावायच्या विरोधात आहे. बऱ्याच राज्यांत कायदेशीर असलेला सप्रेसर दणका आणि आवाज दोन्ही कमी करतो, पण त्याचं रजिस्ट्रेशन, खर्च आणि वाढलेली लांबी पहिल्याच वर्षी कशाला?

मूल उजव्या हाताचं असलं तरी त्याचा मुख्य डोळा डावा असू शकतो. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा, तिच्यातून दूरची वस्तू बघायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो मुख्य. मुख्य डोळा डावा निघाला तर डावखुरी रायफल बघणं सोयीचं पडतं, आणि हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

कॅलिबर निवडताना आधी राज्य, मग मूल

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. टेक्सासमध्ये कुठलंही सेंटरफायर काडतूस चालतं, त्यामुळे .२२३ ने हरीण मारणारी मुलं तिथे पुष्कळ दिसतात. कोलोरॅडोमध्ये किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची, आत शिरल्यावर पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. म्हणजे .२२३ बाद. व्हर्जिनियात किमान .२३. ओहायोत रायफल वापरायची तर सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाशी निमुळतं न होणारं, काडतूसच लागतं, मिशिगनच्या दक्षिण भागातही साधारण तसंच. दर वर्षीची नियमावली राज्याच्या वन्यजीव खात्याकडे फुकट मिळते, ती वाचल्याशिवाय रायफल ठरवू नका.

बॉटलनेक, म्हणजे बाटलीसारख्या निमुळत्या मानेचं, काडतूस चालणाऱ्या राज्यांत लहान मुलासाठी माझी पहिली पसंती .२४३ विंचेस्टरला. १९५५ पासून ते याच कामाला वापरलं जातंय, काडतुसं कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात, आणि १०० यार्डांवर त्याची ऊर्जा कोलोरॅडोच्या अटीहून बरीच जास्त असते. त्याच्यावर टीका होते ती अशी की गोळी लहान आहे, नेम जरा हुकला की हरीण हाती लागत नाही. टीका चुकीची नाही. पण न घाबरता झाडलेली लहान गोळी डोळे मिटून झाडलेल्या मोठ्या गोळीपेक्षा कधीही चांगली.

तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसाठी ६.५ क्रीडमूर घ्या. २००७ साली हॉर्नाडीने आणलेलं हे काडतूस आज सगळीकडे मिळतं, आणि मूल मोठं झालं तरी रायफल बदलावी लागत नाही. ७ एमएम-०८ तितकंच चांगलं, कदाचित हरणासाठी थोडं जास्तच, पण छोट्या दुकानात त्याची काडतुसं शोधावी लागतात. ओहायोसारख्या ठिकाणी २०१९ मध्ये आलेल्या .३५० लेजंडने मुलांची सोय केली. त्याआधी पुष्कळ जण शॉटगन स्लग, म्हणजे शॉटगनमधून झाडायची एकच जड गोळी, वापरत, आणि १२ गेजचा (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप) स्लग मोठ्या माणसाचेही दात हलवतो. लेजंडला अंतराची मर्यादा आहे, १५० यार्डांपुढे त्याचा विचार करू नका. मुलाला तेवढ्या लांब गोळी झाडायचीच नसल्याने फरक पडत नाही.

.२२३ बद्दल थोडं सावध बोलतो. टेक्सासच्या हिल कंट्रीतली हरणं विस्कॉन्सिनच्या हरणांपेक्षा बरीच लहान असतात. तिथे, योग्य गोळी घेऊन, ७०-८० यार्डांवर, शेजारी अनुभवी माणूस असताना ते चालतं. उत्तरेतल्या थंडीतल्या धिप्पाड बकसाठी, म्हणजे नर हरणासाठी, मी ते मुलाच्या हातात देणार नाही, कायद्याने चालत असलं तरी.

काडतुसाची पेटी वाचायला शिका

हलक्या वजनाची गोळी शोधताना नवशिके हमखास चुकतात ते इथे. .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात आणि त्यांचा दणका आणखी कमी असतो. पण त्या कोयोटी आणि प्रेअरी डॉगसाठी, पेटीवर ‘व्हार्मिंट’ लिहिलेलं असतं. अशी गोळी हरणाच्या खांद्यावर आपटून वरच्यावर फुटते, आत शिरत नाही. प्राणी मरत नाही, जखमी होतो. .२४३ साठी ९५ ते १०० ग्रेनची हरणाची गोळी घ्या, किंवा ८०-८५ ग्रेनची संपूर्ण तांब्याची. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून आहे आणि आजही पुरेशी आहे. तांब्याच्या गोळीचा, बार्न्सची टीटीएसएक्स वगैरे, मुलांच्या दृष्टीने दुहेरी फायदा असतो. हलकी असूनही ती तुटत नाही, म्हणून दणका कमी आणि शिरकाव खोल, शिवाय मांसात शिशाचे बारीक कण जात नाहीत. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर हा मुद्दा किरकोळ नाही. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

टोकापर्यंत धातूचं कवच असलेल्या, न पसरणाऱ्या एफएमजे (फुल मेटल जॅकेट) गोळ्या रेंजसाठी ठेवा. हरणासाठी त्या बहुतेक राज्यांत बेकायदा आहेत.

शेजारच्या काकांनी जुनी .३०८ किंवा .३०-०६ उसनी देऊ केली, तर लगेच नाही म्हणू नका. हॉर्नाडी ‘कस्टम लाइट’ नावाने कमी दारूची, हलक्या गोळीची काडतुसं बनवते. १२५ ग्रेनची तशी गोळी .३०८ मध्ये वापरली की दणका १० च्या आसपास उतरतो, म्हणजे जवळपास .२४३ एवढा. पण दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचाच राहतो हे लक्षात ठेवा. आणि अशी काडतुसं नेहमीच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी लागतात, त्यामुळे स्कोप त्यांच्यावरच झीरो करायचा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा जुळवायचा, आणि एका सीझनमध्ये दोन प्रकार मिसळायचे नाहीत. दारू कमी करून घरी काडतुसं भरायच्या भानगडीत नवशिक्याने अजिबात पडू नये.

घरात एकापेक्षा जास्त कॅलिबर असतील तर काडतुसं वेगवेगळ्या कुलूपबंद डब्यांत ठेवा. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये बसू शकतं, आणि चाप ओढला तर रायफल हातात फुटते. शॉटगनचं २० गेजचं काडतूस १२ गेजच्या नळीत सरकून अडकतं, म्हणूनच ती पिवळ्या रंगाची करतात.

सराव: नव्वद टक्के .२२ वर

सरावाला .२२ रिमफायर (ठिणगी बुडाच्या कडेला पडणारं छोटं काडतूस) घ्या. दणका नावालाही नाही, काडतुसं स्वस्त. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं तेही .२२ वरच, तेव्हा ही ‘खेळण्यातली’ बंदूक आहे असं मुलाला वाटू देऊ नका. श्वास अर्धा सोडून थांबणं, चाप हळूहळू दाबणं, गोळी गेल्यावरही डोकं न उचलणं, सगळं इथेच शिकून होतं.

मोठ्या रायफलचं झीरोइंग बाबांनी किंवा मेंटरने करावं. बाकावर बसून झाडताना शरीर मागे सरकायला जागा नसते, म्हणून तिथे दणका सर्वांत जास्त लागतो. मुलाने एका बैठकीत पाच-सहा गोळ्या झाडल्या की बास, आणि तीन झाल्यावर ‘पुरे’ म्हणाला तर तिथेच थांबवा. कानात फोमचे प्लग, त्यावर इअरमफ, दोन्ही. डोळ्यांना गॉगल. स्कोप डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब राहील असा, मुलाच्या मानेच्या स्थितीवरून बसवा, बाबांच्या नव्हे. नाहीतर पहिल्याच गोळीला भुवईवर अर्धगोल जखम होते.

मूल दचकतंय का हे ओळखायचं असेल तर मधूनच एक डमी काडतूस, त्याला न सांगता, भरा. ‘टिक्‌’ आवाज झाला आणि नळीचं टोक खाली गेलं की समजा. मग दोन आठवडे फक्त .२२ आणि घरी रिकाम्या रायफलने चाप ओढण्याचा सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

किती लांबून झाडायचं

हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे कागदी ताटलीएवढी. रेंजवर, बाकावरून नव्हे तर ब्लाइंडमध्ये बसतात तसं बसून, तिकाटण्यावर रायफल ठेवून मूल पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत ज्या अंतरावरून घालतं, तेच त्याचं अंतर. पाचातली एक बाहेर गेली तर पुढे या. बहुतेक मुलांचं पहिल्या वर्षीचं अंतर ७० ते १०० यार्ड निघतं आणि तेवढं पुरतं. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं, तेव्हाच. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबायचं. काडतूस नळीत कधी घालायचं आणि गोळी झाडायला ‘हो’ कधी, हे मोठ्या माणसाने सांगायचं.

कमी दणक्याचा एक फायदा पुस्तकांत फारसा लिहिलेला नसतो. गोळी सुटल्यावरही हरीण स्कोपमध्येच राहतं, त्यामुळे ते कसं उसळलं आणि कुठल्या झाडामागे गेलं हे मुलाला दिसतं. त्याला आधीच सांगून ठेवा: लगेच बोल्ट मागे-पुढे करून दुसरं काडतूस घ्यायचं, नजर हरणावरच, आणि शेवटचं जिथे दिसलं ती जागा बोलून सांगायची. नंतर अर्धा तास जागेवरून उठायचं नाही. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात लागली आहे, हरीण जवळच असेल. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास द्या. हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात गेली आहे, सहा-आठ तास थांबा आणि माग काढायला जाणत्या माणसाला बोलवा. हरीण मिळाल्यावर विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंदणी करावी लागते. ती फोनवरून होते, पण ब्लाइंडमध्ये मोबाईलची रेंज असेलच असं नाही, तेव्हा हार्वेस्ट ऑथोरायझेशनचा (हरीण मारण्याच्या परवानगीचा) नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.